चमक विझली, पण वास लागला का?

प्रश्न थोडक्यात असा. नागपुरात एम.एस्सी. रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने झिंकचं प्रतिदीप्त, म्हणजे अतिनील प्रकाशात चमकणारं एमओएफ तयार केलं आहे; एमओएफ म्हणजे धातू आणि त्यांना जोडणारे सेंद्रिय रेणू (लिगंड) यांच्या जाळीचं सच्छिद्र स्फटिक. पाण्यात कालवलेल्या पावडरीत पिक्रिक आम्लाच्या, म्हणजे टीएनटीच्या नात्यातल्या एका स्फोटक संयुगाच्या, द्रावणाचे थेंब टाकले की तिची निळी चमक नव्वद टक्क्यांनी उतरते. प्रबंधाच्या शीर्षकात 'स्फोटकांच्या वाफेचा संवेदक' असं लिहायचं ठरलं आहे. ती विचारते: हे लिहिणं बरोबर आहे का? आणि असे एवढे पदार्थ तयार होत असताना नागपूर स्टेशनवर अजून श्वानपथकच का फिरतं?

तुमचं काम चांगलं आहे. शीर्षकातला 'वाफेचा' हा शब्द मात्र तूर्त काढा. पुढे प्रयोग करून तो परत मिळवता येईल, आणि तो कसा मिळवायचा हेही मी लिहितो. पण आज तुमच्या हातात जे आहे ते पाण्यात विरघळलेल्या पिक्रिक आम्लाचं निदान आहे. तेही उपयोगाचं काम आहे, कारण हे आम्ल भूजलात उतरलं तर प्रदूषकच असतं. वाफेची गोष्ट वेगळी आहे.

आधी चमक विझते कशी ते पाहू. तुमच्या लिगंडमध्ये इलेक्ट्रॉनांची श्रीमंती आहे. अतिनील प्रकाश पडला की एक इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर चढतो आणि काही नॅनोसेकंदांत प्रकाश सोडून खाली येतो. नायट्रो गट लावलेली सुगंधी (अॅरोमॅटिक, बेंझीनसारखी) वलयं, म्हणजे टीएनटी, त्याच्याहून एक नायट्रो गट कमी असलेलं डीएनटी, पिक्रिक आम्ल, ही इलेक्ट्रॉनांची भुकेली असतात. त्या नॅनोसेकंदांत असा रेणू शेजारी असला तर वर चढलेला इलेक्ट्रॉन प्रकाश देण्याऐवजी त्याच्याकडे जातो. चमक उतरते, आणि किती उतरली त्यावरून रेणू किती आले याचा हिशेब लागतो. हा हिशेब ऑटो स्टर्न आणि माक्स फोल्मर यांनी १९१९ मध्ये मांडला. तुमच्या आलेखातली सरळ रेषा त्यांचीच.

एकेका रेणूने एकेक चमक विझवायची तर फार रेणू लागतात. एमआयटीतल्या टिमथी स्वॅगर यांच्या गटाने १९९० च्या दशकात यावर उपाय काढला. त्यांनी चमकणारे घटक एका लांब संयुग्मित बहुलकात, म्हणजे इलेक्ट्रॉन पसरलेल्या रेणूंच्या साखळीत, ओवले. ऊर्जा साखळीभर फिरत राहते, त्यामुळे साखळीवर कुठेही एक टीएनटी बसला तरी बरीच चमक जाते. गणपतीच्या मखराला लावतो ती जुनी दिव्यांची माळ आठवा, एक बल्ब गेला की अख्खी माळ अंधारात. पण याहून मोलाची गोष्ट पुढची आहे. १९९८ मध्ये त्यांनी त्या साखळीला पेंटिप्टिसीन नावाचे ताठ, फताडे गट जोडले. साखळ्या एकमेकींवर चिकटून बसेनात आणि मधे पोकळ्या राहिल्या. अवघ्या अडीच नॅनोमीटर जाडीच्या फिल्मची चमक टीएनटीच्या वाफेत अर्ध्या मिनिटात साधारण निम्म्यावर आली. फिल्म जाड केली तर तीच गोष्ट खूप हळू घडे. छिद्रांचं महत्त्व त्या कामाने प्रयोगाने सिद्ध केलं, आणि जाड थराचा तोटाही तिथेच दिसला. हा तोटा ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

मग एमओएफ आलं. एका ग्रॅमच्या पोटात हजारो चौरस मीटर पृष्ठभाग, आणि छिद्रं स्फटिकाच्या नियमाने एकसारखी. २००९ मध्ये रटगर्स विद्यापीठातल्या जिंग ली यांच्या गटाने झिंकचं एक सच्छिद्र एमओएफ दाखवलं. डीएनटीच्या आणि डीएमएनबीच्या वाफेत त्याची चमक दहा सेकंदांत ऐंशी टक्क्यांहून जास्त उतरत होती, आणि तापवलं की परत येत होती. डीएमएनबी हे प्लॅस्टिक स्फोटकांत ओळखीसाठी मुद्दाम मिसळतात. स्कॉटलंडमधल्या लॉकरबीच्या विमानस्फोटानंतर १९९१ मध्ये माँट्रियलला जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यातूनच ही खूण सक्तीची झाली. आपल्याकडे २०१३ मध्ये पुण्याच्या आयसरमधल्या सुजित घोष यांच्या गटाने, इतर नायट्रो संयुगांच्या गर्दीतून पिक्रिक आम्ल वेगळं ओळखणारं एमओएफ दाखवलं. तुमच्या संदर्भयादीत ते असणारच. २०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल कितागावा, रॉब्सन आणि याघी यांना याच वर्गाच्या पदार्थांसाठी मिळालं, त्यामुळे आता या विषयावर प्रबंधांचा पूर येईल. म्हणूनच शब्द जपून वापरा असं मी कळकळीने सांगतो आहे.

आता वाफेकडे. पंचवीस अंशांना टीएनटीची वाफ हवेत मावेल तेवढी मावली तरी ती काही पीपीबी असते, म्हणजे शंभर कोटी रेणूंत पाच-दहा रेणू. एक लिटर हवेत साधारण पन्नास-साठ नॅनोग्रॅम. डीएनटीची वाफ त्याच्या कितीतरी पट. नायट्रोबेंझीनची तर काही शे पीपीएम (दहा लाख रेणूंत काही शे), म्हणजे टीएनटीच्या दहा हजार पटींहूनही जास्त. उलट बाजूला आरडीएक्स: काही पीपीटी (लाख कोटी रेणूंत काही), म्हणजे एक लिटर हवेत पन्नास पिकोग्रॅमच्या आसपास. आणि हे सगळे आकडे बंद डब्यातल्या तृप्त हवेचे आहेत. प्लॅटफॉर्मवर, बॅगेत, कपड्यांत गुंडाळलेल्या वस्तूभोवती हवा तृप्त कधीच नसते.

पिक्रिक आम्लाचा बाष्पदाब टीएनटीपेक्षाही कमी आहे. म्हणजे पाण्यात सहज मिळणारा आणि हवेत जवळजवळ न मिळणारा रेणू तुम्ही निवडला आहे. पाण्यात ते आम्ल पिवळं पिक्रेट होऊन तुमच्या लिगंडच्या नायट्रोजनाकडे ओढलं जातं. हवेत ही ओढ कामाची नाही, कारण तिथे रेणू पोचतच नाही. म्हणूनच बीकरमधल्या आकड्यावरून वाफेचं भाकीत करता येत नाही.

त्याआधी बीकरमधला आकडाही तपासून घ्या. पिक्रिक आम्ल पिवळं आहे, म्हणजे जवळच्या अतिनील आणि जांभळ्या पट्ट्यातला प्रकाश ते स्वतःच गिळतं. तुम्ही ३५० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश टाकत असाल तर तो पावडरीपर्यंत पोचण्याआधीच आम्ल त्यातला वाटा घेतं; निळी चमक बाहेर येताना परत घेतं. याला आतल्या गाळणीचा परिणाम म्हणतात. खिडकीवर पिवळा पडदा लावला म्हणून खोलीतला दिवा विझला असं होत नाही. दरवेळी त्याच क्युव्हेटचं, म्हणजे मापनाच्या काचपात्राचं, शोषण मोजा आणि चमकीचा आकडा त्याप्रमाणे दुरुस्त करा. आणि शक्य असेल तिथे जाऊन प्रतिदीप्तीचा आयुष्यकाळ, म्हणजे चमक किती नॅनोसेकंद टिकते ते, मोजून घ्या. आयुष्यकाळ तसाच राहिला आणि दुरुस्तीनंतर घट बरीचशी नाहीशी झाली, तर तुम्ही क्वेंचिंग, म्हणजे चमक खरोखर विझणं नव्हे, पडदा मोजत होतात. छापून आलेल्या बऱ्याच नव्वद टक्क्यांना मी हाच प्रश्न विचारत आलो आहे. दुरुस्तीनंतर तुमचा आकडा साठ टक्के झाला तर साठ लिहा. परीक्षकाला त्या साठात जास्त रसायनशास्त्र दिसेल.

आता नागपूर. बाहेरचे शोधनिबंध वाचताना त्यांच्या प्रयोगशाळेचं तापमान आणि आर्द्रता आपण गृहीत धरतो, आणि तिथेच फसतो. मी या कामात वीस वर्षांहून अधिक काळ आहे, आणि सुरुवातीची एक चूक सांगतो. आमची फिल्म युरोपियम या धातूच्या एमओएफची होती, लाल चमक देणारी. मे महिना. सकाळी प्रयोग केला की डीएनटीच्या वाफेत थोडीशी घट, दुपारी केला की चांगली भरघोस. आम्ही खूश होतो. उन्हाने वाफ वाढते असं स्पष्टीकरणही लिहून ठेवलं होतं. एक दिवस कुलरचा पंप जळाला. त्या दुपारी घट निम्म्याहून कमी झाली. तेव्हा कुठे रिकामी कुपी लावून पाहिली. डीएनटी नसतानाही, नुसता कुलर चालू झाला की लाल चमक उतरत होती. पाण्याच्या ओ-एच बंधांची कंपनं युरोपियमची ऊर्जा गिळतात, हे पुस्तकात आम्ही सगळ्यांनीच वाचलेलं होतं. मे महिन्यातली नागपूरची कोरडी हवा कुलर लावताच खोलीत दमट होते, आणि आमची फिल्म इमाने-इतबारे तेच सांगत होती. तीन आठवड्यांची नोंदवही आम्ही बाजूला ठेवली. तेव्हापासून वाफेच्या प्रत्येक मापनाआधी, मापनावेळी आणि मापनानंतर आर्द्रतेचा आकडा लिहायचा हा आमचा नियम आहे.

उन्हाळ्याचं म्हणाल तर तो दोन्ही बाजूंनी काम करतो, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पंचवीस अंशांवरून पंचेचाळीसवर गेलात तर टीएनटीचा बाष्पदाब दहापटीहून जास्त वाढतो. हवेत रेणू वाढतात. पण त्याच उकाड्यात छिद्रं रेणूंना तेवढं धरून ठेवत नाहीत, आणि चमकणाऱ्या पदार्थाची मूळ चमकही तापमानाबरोबर उतरते. म्हणजे मूळ रेषाच खाली सरकलेली असते. ऑगस्टमध्ये उलट: हवा दमट, छिद्रांत पाणी आधीच येऊन बसलेलं, नायट्रो रेणूला जागा नाही. झिंक आणि कार्बॉक्सिलेटची बरीच एमओएफ तर ओलाव्याने हळूहळू मोडतात. तुमचं टिकतं का हे कळायला पावडर उघड्या वाटीत एक पावसाळी आठवडा ठेवा आणि स्फटिकाची रचना दाखवणारा क्ष-किरण विवर्तनाचा आलेख आधीचा व नंतरचा एकावर एक ठेवा. मोडत असेल तर झिर्कोनियमच्या जाळ्यांकडे वळा, त्या पाण्याला बऱ्याच जास्त पुरून उरतात.

छिद्रं मदत कशी करतात आणि अडचण कशी करतात हेही इथेच सांगतो. छिद्र म्हणजे आपोआप गोळा करणारं भांडं. हवेत पातळ पसरलेला रेणू आत येऊन दाटतो, आणि प्रकाश देणाऱ्या भिंतीला अगदी चिकटून बसतो. पण आत शिरायला वेळ लागतो. स्फटिक मोठे असतील, थर जाड असेल, तर रेणू बाहेरच्या सालीतच अडकतात आणि आतला गाभा चमकतच राहतो. स्वॅगर यांच्या फिल्ममध्ये जे जाडीने झालं तेच इथे स्फटिकाच्या आकाराने होतं. म्हणून पावडर जितकी बारीक आणि थर जितका पातळ, तितकं बरं. पृष्ठभागाचा आकडा मोठा असला म्हणजे संवेदक चांगला, हा समज सोडून द्या. टीएनटीचा रेणू एक नॅनोमीटरच्या आतलाच आहे. त्याला आरामात शिरता येईल एवढी खिडकी आणि त्याला धरून ठेवील एवढी भिंत, दोन्ही जमलं पाहिजे. फार मोठ्या छिद्रातून तो आला तसा निघूनही जातो.

हवेत तुमचा रेणू एकटा नसतो. स्टेशनच्या पार्सल ऑफिसजवळ हंगामात संत्र्यांच्या पेट्यांची थप्पी असते. संत्र्याच्या सालीतलं लिमोनिन हे इलेक्ट्रॉन मागणारं नाही, त्यामुळे ते चमक विझवणार नाही; पण ते मुबलक आहे आणि छिद्रांत जाऊन बसू शकतं. बेंझीन, टोल्युइनसारखी वलयं तर काही एमओएफची चमक वाढवतात. म्हणजे पेट्रोलच्या वासाने वाढ आणि टीएनटीने घट, दोन्ही एकाच वेळी आलं तर यंत्र शून्य दाखवू शकतं. आणखी एक उदाहरण सुगंधी द्रव्यांचं. मस्क झायलीन हे जुन्या पद्धतीच्या अत्तरांत वापरलेलं कृत्रिम कस्तुरीचं द्रव्य आहे, आणि त्याच्या वलयावर तीन नायट्रो गट आहेत. अशा कस्तुरीचा शोधच १८८८ मध्ये आल्बर्ट बाउर यांना टीएनटीच्या नात्यातल्या संयुगांवर काम करताना लागला. तुमच्या फिल्मला हे आणि टीएनटी चुलतभाऊच वाटतील. म्हणून एका फिल्मवर विसंबू नका. वेगवेगळ्या छिद्रांच्या, वेगवेगळ्या लिगंडच्या चार-पाच फिल्म शेजारी शेजारी लावा आणि सगळ्यांचा मिळून नमुना वाचा. कुत्र्याचं नाकही असंच काम करतं. एका रेणूला एक ग्राहक अशी तिथे रचना नाही.

आणि सगळ्यात मोठी मर्यादा. क्वेंचिंगची ही सगळी कथा नायट्रो लावलेल्या सुगंधी वलयांची आहे. आपल्या भागात स्फोटकं म्हणजे काय ते बघा. उमरेडपासून चंद्रपूरपर्यंतच्या कोळसा खाणींत आणि दगडखाणींत रोज जे वापरलं जातं त्याचा पाया अमोनियम नायट्रेट आहे. त्याच्यावर इतकं लक्ष असतं की त्याच्यासाठी २०१२ चे वेगळे नियम आहेत, आणि ते नियम राबवणाऱ्या 'पेसो'चं, म्हणजे केंद्राच्या पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटनेचं, मुख्यालय आपल्याच सेमिनरी हिल्सवर आहे. अमोनियम नायट्रेटमध्ये वलय नाही. तुमची निळी फिल्म त्याच्याकडे पाहणारही नाही. टीएनटी आपल्याकडे सापडतं ते खाणीतल्या कास्ट बूस्टरमध्ये, म्हणजे मुख्य स्फोट सुरू करून देणाऱ्या ओतीव स्फोटकात, पीईटीएन या दुसऱ्या स्फोटकासोबत. पीईटीएन आणि आरडीएक्स यांनाही सुगंधी वलय नाही आणि इलेक्ट्रॉनांची भूक कमी; त्यांच्यासाठी स्वॅगर यांच्या गटाने २००७ मध्ये उलट वाट धरली: स्फोटकाशी प्रकाशात अभिक्रिया होऊन चमक पेटावी असा रंगद्रव्याचा रेणू. टीएटीपी या पेरॉक्साइड स्फोटकात तर नायट्रो गटच नाही. म्हणून 'स्फोटकांचा' हा शब्दही मी तुमच्या शीर्षकातून काढून 'नायट्रोअॅरोमॅटिक संयुगांचा' असा करीन. लांबलचक आहे, पण खरा आहे.

श्वानपथकाचं उत्तर आता तुमच्या लक्षात आलं असेल. कुत्रा सेकंदाला चार-पाच वेळा हुंगतो, वास जिकडे दाट तिकडे स्वतः चालत जातो, आणि टीएनटीपेक्षा त्यातल्या डीएनटीसारख्या जास्त उडणाऱ्या सोबत्यांवरून ओळख पटवतो. फिल्म एका जागी बसून वाट बघते. विमानतळावर सोनेगावला बॅगेवरून जी कापडाची पट्टी फिरवतात ती वाफ गोळा करत नाही, पृष्ठभागावर चिकटलेले कण गोळा करते. मग यंत्र ती पट्टी तापवून कणांची वाफ करतं आणि आयनांच्या वेगावरून ओळखतं. खाणकामगाराच्या हाताला, खत टाकून आलेल्या काटोलच्या शेतकऱ्याच्या सदऱ्याला किंवा हृदयविकाराच्या नायट्रेटच्या गोळ्या बाळगणाऱ्या आजोबांच्या खिशाला हे यंत्र थांबवू शकतं, आणि तेव्हा माणसाने शांतपणे विचारपूस करायची असते. तुमच्या फिल्मचं खरं स्थान मला याच साखळीत दिसतं: पट्टीवर कण घ्या, थोडं तापवा, ती वाफ फिल्मवरून जाऊ द्या. स्वॅगर यांच्या बहुलकांवर उभं राहिलेलं 'फिडो' हे हातातलं यंत्र हवा तर हुंगतंच, शिवाय पट्टीवरचे कणही तापवून घेतं. फुकटच्या हवेतली वाफ पकडण्याच्या हट्टापेक्षा हा मार्ग लवकर कामाला येईल.

आता प्रयोग. क्वार्ट्झच्या तुकड्यावर पातळ फिल्म बसवा. झाकणाच्या कुपीत तळाशी अगदी थोडं डीएनटी, त्यावर कापसाचा थर, म्हणजे कण उडून फिल्मवर बसणार नाहीत. कुपी दोन दिवस बंद ठेवा, वाफ तृप्त होऊ द्या. शेजारी तशीच दुसरी कुपी, कापसासकट, पण डीएनटीशिवाय. तिसऱ्या कुपीत डीएनटीऐवजी पाण्याचे दोन थेंब. चौथीत संत्र्याची साल. एकाच दिवशी, एकाच दिव्याखाली, चारही कुप्यांत फिल्म ठेवून दर दहा सेकंदांनी चमक मोजा. फिल्म नुसत्या प्रकाशानेही फिकी पडते, म्हणून पाचवी फिल्म मोकळ्या हवेत त्याच दिव्याखाली ठेवा आणि तिची घट सगळ्यांतून वजा करा. मग तापवून चमक परत येते का, आणि दहाव्या फेरीतही येते का, ते पाहा. नळीतून हवा वाहवायची असेल तर नळी आखूड ठेवा. हे रेणू भिंतींना चिकटतात आणि काल चिकटलेलं डीएनटी आज रिकाम्या मापनात उतरतं. एका नळीने आमचे दोन महिने असेच खाल्ले. डीएनटी विषारी आहे आणि त्वचेतून शिरतं, म्हणून कुप्या भरणं आणि उघडणं धूर खेचणाऱ्या कपाटात, हातमोजे घालून. टीएनटीच्या मागे लागू नका. परवाना आणि सुरक्षित साठवण असलेल्या ठिकाणीच ते हाताळायचं असतं, आणि तुमच्या प्रश्नासाठी त्याची गरजही नाही.

आणि हे सगळं करण्याआधी एक काम. तुमच्या विभागाच्या कपाटात पिक्रिक आम्लाची जी बाटली आहे ती आजच नुसती बाहेरून पाहा. हे आम्ल पाण्याने ओलं असेल तोवरच शांत असतं. वाळलं, किंवा धातूच्या संपर्कात येऊन त्याचं क्षार झालं, की घर्षणाने त्याचा स्फोट होऊ शकतो. बाटली जुनी असेल, पाणी दिसत नसेल, झाकणाच्या आट्यांत पिवळे स्फटिक दिसत असतील, तर झाकणाला हात लावू नका, बाटली हलवू नका, पाणी घालायला म्हणूनही उघडू नका. खोली बंद करा, विभागप्रमुखांना लगेच सांगा, आणि त्यांच्यामार्फत पोलिसांच्या बॉम्बशोधक व नाशक पथकाला कळवा. तुमच्या चालू कामाची बाटली ओली आहे का हे दर महिन्याला पाहायचं आणि तारीख लेबलवर लिहायची. चार कुप्यांचे आलेख झाले की आर्द्रतेच्या आकड्यांसकट पाठवा, आपण एकत्र बसून वाचू.